दादर : गाडी कितीची आहे?

दादरला पटकन खायला कुठे जावं, असं कुणी विचारलं की त्याला आधी उलट विचारावं लागतं : गाडी कितीची आहे? पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे इथे एकमेकींना भेटतात. पूल चढून गाडी बदलणाऱ्यांपैकी बहुतेकजण स्टेशनाबाहेर पाऊलही टाकत नाहीत. जे टाकतात त्यांच्या हातात मोजकी मिनिटं असतात. फुलबाजारातून हार घेऊन निघालेला, क्लासमधून सुटलेला, रानडे रोडवर साड्या बघून दमलेली, शिवाजी मंदिरच्या नाटकाला दहा मिनिटं आधी पोचलेला, अशा सगळ्यांची भूक सारखीच असते, वेळ मात्र प्रत्येकाचा वेगळा. म्हणून दादरचं खाणं पदार्थांच्या यादीपेक्षा घड्याळावर लावलेलं बरं. (२०२३ च्या डिसेंबरात फलाटांना १ ते १४ असे सलग क्रमांक दिले गेले. पत्ता सांगताना मात्र जुनी माणसं अजून ‘सेंट्रलचा एक नंबर’च म्हणतात, तेव्हा भेटायची जागा ठरवताना सांभाळून.)

हे गाव खाणाऱ्यांचं झालं कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतली दाटी कमी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या वसवायला घेतल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यातलीच. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ चं. या घरांतून फोर्टात कारकुनी करायला जाणारा वर्ग राहायला आला. खोदादाद सर्कलजवळ ट्रामचं शेवटचं स्थानक होतं. मुंबईची अखेरची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून इथेच येऊन थांबली, आणि ‘टी. टी.’ (ट्राम टर्मिनस) हे नाव तेवढं मागे राहिलं. दक्षिणेला मात्र चालत जाण्याच्या अंतरावर परळ-लालबागच्या गिरण्या. म्हणजे एका अंगाला घरी डबा करून देणारं कुटुंब असलेला बाबू आणि दुसऱ्या अंगाला कुटुंब गावी ठेवून आलेला कामगार. दादरच्या खाण्यात या दोघांचाही वाटा आहे, आणि दोघांची सोय वेगवेगळ्या लोकांनी केली.

पांढरपेशांसाठी आधी आली ती उपाहारगृहं. मामा काणे यांचं स्वच्छ उपाहारगृह १९१० चं. नावातला ‘स्वच्छ’ हा शब्द त्या काळी रंगसफेदीपुरता नव्हता. बाहेर खायचं तर रांधलं कुणी, शेजारी बसलंय कोण, हे प्रश्न आधी यायचे, आणि त्या काळातल्या कित्येक खाणावळींच्या पाट्यांवर मालकाची जात लिहिलेली असे. आज आपण त्या पाट्यांकडे गंमत म्हणून बघतो. ज्यांना त्या पाट्या बाहेर ठेवत होत्या त्यांना त्यात गंमत वाटली नसणार.

पदपथावर उभं राहून खाताना हे प्रश्न आपोआप गळतात. वडापावाचं मोठेपण मला तिथे दिसतं. प्रचलित हकिकतीप्रमाणे १९६६ साली अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनाबाहेरच्या आपल्या गाडीवर बटाटेवडा पावात घालून द्यायला सुरुवात केली. शेजारी ऑम्लेट-पाववाला होता, त्याच्याकडचा पाव हाताशी होता, असंही सांगतात. त्याच सुमाराला दादरच्याच सुधाकर म्हात्रे यांनी हे केलं, असाही दावा आहे. पहिला मान कुणाचा, यावर भांडायचं त्यांनी भांडावं. दोन्ही नावं दादरचीच आहेत, हे पुरे. त्याच वर्षी १९ जूनला शिवसेना स्थापन झाली. उडुपी हॉटेलांविरुद्धचा तिचा राग आणि मराठी पोरांनी वड्याच्या गाड्या टाकाव्यात हा तिचा आग्रह, दोन्ही एकाच काळातले.

वडापाव जलद का, याचं उत्तर गाडीच्या मागे पहाटेपासून चाललेल्या कामात आहे. बटाटे उकडून, सोलून, आलं-लसूण-मिरचीच्या वाटणात आणि हळदीच्या फोडणीत परतून त्याचे गोळे करून परात भरलेली असते. बेसन कालवलेलं असतं. सुक्या लसणाची चटणी आदल्या दिवशीच कुटलेली. पावाच्या लाद्या बेकरीतून आलेल्या. गिऱ्हाईक येतं तेव्हा उरलेलं असतं ते फक्त बुडवणं, तळणं आणि पाव चिरणं. घाण्यावर घाणा निघत असला की तेही झालेलंच असतं. चांगली गाडी ओळखायची खूण एकच : वडा थाळ्यात पडून राहता कामा नये. रांग बघून पळू नका, उलट रांगेतच उभे राहा, कारण रांग आहे म्हणजे तुमचा वडा अजून कढईत आहे.

छबिलदास शाळेच्या गल्लीतला श्रीकृष्णचा वडा आकाराने मोठा, एकट्यानेच अर्धं पोट धरणारा. सत्तरच्या दशकात वरच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांची चळवळ चालू होती. खिशात फार पैसे नसलेल्या त्या मंडळींची भूक या गल्लीने भागवली असेल, असं मानायला हरकत नाही. कीर्ती कॉलेजजवळच्या ‘अशोक वडापाव’ या गाडीवर पावात वड्याबरोबर चुरा पडतो. वडे तळताना तेलात सांडलेले बेसनाचे थेंब कुरकुरीत होतात, तोच हा चुरा. एरवी झाऱ्याने काढून टाकायची वस्तू तिथे लोक मागून घेतात. स्टेशनापासून कीर्ती लांब आहे, पायी जाऊन-येऊन अर्धा तास मोडेल, तेव्हा गाडी गाठायची असेल तर तो मोह नको. नाटकाच्या मध्यंतरातला बटाटेवडा हा याचाच घरंदाज भाऊ. पंधरा मिनिटांत रांग लावायची, गरम वडा खायचा, चहा प्यायचा आणि तिसऱ्या घंटेला खुर्चीत परतायचं, हे मराठी प्रेक्षकाला बरोबर जमतं.

पंधरा-वीस मिनिटं असतील तर बसता येतं. प्लाझा सिनेमाकडून शिवाजी पार्कच्या दिशेने निघालं की अशी बसून खायची हॉटेलं लागतात. शिवसेना भवनासमोरचं आस्वाद १९८६ चं. तिथल्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये फूडी हब या संस्थेने जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, आणि कोल्हापूर-पुणे-नाशिकच्या मिसळप्रेमींनी कपाळाला हात लावला. त्यांचं चुकलं नाही. आस्वादची मिसळ सौम्य आहे, घरच्यासारखी आहे, जिभेची परीक्षा घेत नाही. पण घाईतल्या माणसाला घाम फोडणारा कट हवाच कशाला? शिवाजी पार्कजवळच्या प्रकाशमध्ये साबुदाणावडा आणि पियूष ही जोडी वर्षानुवर्षं ठरलेली.

इथे काय मागवायचं ते स्वयंपाकघराच्या बाजूने ठरवावं. मिसळ सगळ्यांत लवकर येते, कारण उसळ, रस्सा, फरसाण सगळं तयार असतं, फक्त वाढायचं. कोथिंबीरवडी आधीच वाफवलेली असते, तळून मिळते. साबुदाणावड्याला कढईत पुरेसा वेळ द्यावाच लागतो, घाई केली की आत कच्चा राहतो. थालीपीठ थापून मंद आचेवर भाजायचं असतं. ते मागवून घड्याळ बघत बसणाऱ्याला वेटर काही बोलत नाही, हा त्याचा चांगुलपणा. टेबल अनोळखी माणसासोबत वाटून घ्यायची तयारी ठेवा. समोरचा काय खातोय ते न बघता खाणं ही दादरची एक न लिहिलेली रीत आहे.

पूर्वेला हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनी हे इराणी हॉटेल आहे. बनमस्का आणि चहा. पोटभरीचं नव्हे, पण गाडी चुकली असेल तर जायची जागा तीच.

मासे खाणाऱ्याला वाटतं की त्याच्यासाठी घाईचं जेवण नाही. तसं नाही. सिंधुदुर्ग, गोमांतक, सचिन ही दादरची नावं मुंबईभर माहीत आहेत आणि दुपारच्या ताटाचा कारभार तिथे चटपट असतो. आमटी, भात, सोलकढी सकाळीच तयार असते, वेळ लागतो तो फक्त तव्यावरच्या तुकडीला. गाडी जवळ आली असेल तर तळलेल्याचा हट्ट सोडून नुसतं माशाचं कालवण आणि भात घ्यावा. शिवाय सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे पुष्कळ. न पाळणाऱ्याला त्या दिवशी जागा लवकर मिळते, आणि श्रावणात तर मालकच हसून स्वागत करतो.

आता मुद्द्याचं. वर सांगितलेलं बहुतेक सगळं खाणं हे ‘खाणं’ आहे, ‘जेवण’ नव्हे. वरण, भात, पोळी, भाजी असं साधं, स्वस्त, बसून करायचं दुपारचं जेवण दादरमध्ये शोधायला गेलं की पाय दुखतात. तीस वर्षांपूर्वी राईस प्लेट ही हॉटेलातली सगळ्यांत साधी मागणी होती. आज ती फलकावर असली तर कोपऱ्यात असते आणि तिच्या जागी ‘स्पेशल थाळी’ आलेली असते, जिचा भाव वेगळा असतो. याचं कारण चवीत नाही, खुर्चीत आहे. वडापाव खाणारा तीन मिनिटं उभा राहतो, तेही रस्त्यावर, ज्याचं भाडं मालकाला पडत नाही. मिसळ खाणारा दहा-बारा मिनिटांत उठतो. राईस प्लेटवाला वीस-पंचवीस मिनिटं एक खुर्ची अडवतो, भात पुन्हा मागतो, ताक मागतो. दादरच्या जागांच्या किमतीत तेवढ्या वेळात त्याच खुर्चीवर दोन डोसेवाले बसून गेलेले असतात. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे.

गिरणगावाने हा प्रश्न खुर्चीशिवाय सोडवला होता. चाळीतल्या खोलीत बाई रांधायची आणि गावाहून आलेले पाच-दहा कामगार पाळीप्रमाणे येऊन जमिनीवर बसून जेवून जायचे. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर किराणा उधारीवर, आणि उधारीवर सावकाराचं व्याज. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते नेमकं या गाठीवर बोट ठेवून : खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून द्यायचं, म्हणजे सावकार सुटेल. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. जेवणारेच गेले तर खाणावळ कुणासाठी? संपात बेकार झालेल्या किती जणांनी वड्याची गाडी टाकली, हे मोजलेलं नाही, पण त्या पट्ट्यातल्या वड्याच्या गाड्यांमागे गिरणीची आठवण सांगणारी घरं आजही भेटतात.

स्वस्त जेवणाच्या या प्रश्नात सरकारनेही दोनदा हात घातला. १९९५ च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या, आणि अनुदान आटल्यावर त्यांतल्या अनेक जागांवर झुणका जाऊन चायनीज आलं. कारण तिथेही किमती वस्तू भाकर नव्हती, जागा होती. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी जास्त विचारपूर्वक आखली गेली : तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, गिऱ्हाइकाकडून १० रुपये. शहरात थाळीचा खर्च धरला होता ५० रुपये, म्हणजे ४० रुपये सरकारचे. शहरातल्या साध्या जेवणाचा खरा भाव काय, याचं इतकं उघड उत्तर दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात क्वचितच सापडेल.

कुणाच्या अनुदानाशिवाय हे जमवलेलं घर दादरच्या हद्दीला लागून आहे. माटुंगा स्टेशनाजवळ, बाजाराच्या वर, पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ चं. आधी कूपन घ्यायचं, बाकावर थांबायचं, जागा झाली की बसायचं. पानावर रसम, सांबार, भाज्या, भात, ताक वाढणारे फिरत राहतात. पदार्थ निवडायचे नसतात, बिलाची वाट बघायची नसते, म्हणून बसल्यापासून वीस मिनिटांत माणूस तृप्त होऊन उठतो. मराठी खाणावळींनी उडुप्यांकडून उचलायची एकच गोष्ट असेल तर ती ही व्यवस्था आहे, इडली नव्हे.

उभं राहून खाण्याचीही शाश्वती आता पूर्वीसारखी नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम केली. दादर पश्चिमेला ही रेषा कबुतरखान्याच्या आसपास जाते. पूल आणि जिने मोकळेच हवेत, त्यात वाद नाही. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दिलेलं आश्वासन, नगर पथविक्रेता समिती नेमून जागा आखून देण्याचं, तेही तितक्याच तातडीने पाळलं गेलं असतं तर गाडीवाल्याला रोज गाडी पळवावी लागली नसती.

तेव्हा दादरला उतरलात आणि दहा मिनिटं असतील तर वडा खा, त्याला तोड नाही. पण दुपारचे साडेबारा वाजले असतील आणि हातात अर्धा तास असेल, तर कुठल्याही साध्या हॉटेलात जाऊन राईस प्लेट मागा. नसेल तर ‘का नाही?’ एवढं विचारा. आठ-दहा जणांनी रोज विचारलं तर फलकावर परत येईल. आणि मिळाली, तर जेवा, हात धुवा आणि उठा. मोबाइल बाहेर जाऊन बघा, मागे माणूस उभा आहे.