वेगवान गाडीची हौस आणि तिचे मोल

हौसेला मोल नाही, असे आपले वाडवडील म्हणत आले. लग्नकार्य असो, गणपती असो की घरभरणी असो, हौस म्हटली की आपला माणूस हात आखडता घेत नाही. पण काही हौसा अशा असतात की त्यांचे मोल दुकानात पैसे मोजून संपत नाही. वस्तू घरी आल्यावर ते सुरू होते. इटली, जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये बनणाऱ्या अतिवेगवान मोटारगाडीची हौस ही अशीच एक हौस. आज तिच्या दोन्ही बाजू पाहू.

हा विषय आपल्या कुटुंबांचा कसा, असे काही वाचक विचारतील. आम्ही शिक्षक मंडळी त्याचे उत्तर रोज वर्गात पाहतो. वहीच्या मागच्या पानावर फेरारी काढलेली असते, बाकावर लाम्बोर्गिनीचे नाव कोरलेले असते. आमच्याही लहानपणी हेच होते. फ्रेंच मासिकांतली चित्रे कापून आम्ही ती वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवीत असू. तेव्हा मुलांवर नुसते रागावून भागणार नाही. या गाड्यांत एवढे आहे तरी काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पहिले म्हणजे रूप. फेरुच्चो लाम्बोर्गिनी हे इटलीतले ट्रॅक्टर बनविणारे कारखानदार. त्यांनी १९६३ साली मोटारींचा कारखाना काढला आणि १९६६ साली मिउरा ही गाडी जगापुढे आणली. तिचे रूप मार्चेलो गांदिनी या तरुण आरेखकाने घडविले. बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसविलेले आणि गाडीची उंची जेमतेम माणसाच्या कमरेइतकी. इंजिन मध्यभागाजवळ आले की वजन मध्यावर राहते आणि गाडी वळणावर चटकन वळते. म्हणजे ते रूप नुसते दिखाऊ नव्हते, त्यामागे विचार होता. उत्तम कारागिरी पाहून मन प्रसन्न व्हावे, यात गैर काहीच नाही.

दुसरे म्हणजे चालविण्याचा अनुभव. फेरारीने आपल्या चाळीस वर्षांच्या निमित्ताने १९८७ साली एफ ४० ही गाडी काढली. संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत, त्यांच्या संमतीने निघालेली ही शेवटची गाडी. तिच्यात रेडिओ नाही, गालिचा नाही, आतून दार उघडायला एक साधी दोरी ओढायची. पण वेग ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे. श्रीमंत माणसाने भरपूर पैसे मोजून रेडिओही नसलेली गाडी घ्यावी, याचे नवल वाटते. परंतु ज्यांना ही आवड आहे त्यांना रेडिओ नकोच असतो. इंजिनाचा आवाज हेच त्यांचे संगीत, आणि चाकाखालचा रस्ता हाताला जाणवावा हीच त्यांची इच्छा. वेगाचे हे वेड आपल्या बेटालाही नवे नाही. शाँ द मार्सवर १८१२ सालापासून घोडे धावत आले आहेत, आणि ते पाहायला आपल्या आजोबा-पणजोबांनीही गर्दी केली आहे.

तिसरे म्हणजे मान. कष्टाने वर आलेल्या माणसाला आपले यश दारात उभे दिसावेसे वाटते. ज्यांचे पूर्वज कोकणातून जहाजाने या बेटावर आले आणि उसाच्या शेतात राबले, त्यांच्या नातवाला असे वाटले तर त्याला आम्ही हसणार नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगायला आपल्याच मराठी माणसाचे उदाहरण घेऊ. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीकडून, मायकेल शूमाकर यांच्या हस्ते, त्यांना फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट मिळाली. गाडी फुकट, पण ती भारतात आणण्याचा आयातकर सुमारे १ कोटी १३ लाख रुपये! २००३ साली सरकारने तो माफ करायचे ठरविले तेव्हा देशभर गदारोळ उठला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर कर कंपनीने भरला. २०११ साली तेंडुलकरांनी ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. भेट मिळालेली गाडीसुद्धा किती महाग पडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

कर एकदा भरला की संपतो, देखभाल मात्र संपत नाही. याच ३६० मोडेनाच्या इंजिनात काही भाग एका पट्ट्यावर फिरतात. हा पट्टा साधारण तीन वर्षांनी बदलावा लागतो, मग गाडी रोज धावो की नुसती उभी राहो. पट्टा तुटला तर आतली झडप आणि दट्ट्या एकमेकांवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. फेरारीच्या त्याआधीच्या टेस्टारोसा या गाडीत तर हा पट्टा बदलण्यासाठी सगळे इंजिनच बाहेर काढावे लागते. इंजिन पाठीमागे दाटीवाटीने बसविल्यामुळे गाडी सुंदर वळते हे आपण वर पाहिले. त्याच दाटीमुळे कारागिराचा हात आत पोहोचत नाही. सुख आणि दुःख दोन्ही एकाच कारणातून आले!

मिस्टर बीनला आपल्या घरातली लहान मुलेही ओळखतात. ती भूमिका करणारे रोवन ॲटकिन्सन यांनी १९९७ साली मॅक्लारेन एफ १ ही गाडी घेतली. अशा गाड्या जगात अवघ्या १०६ बनल्या. २०११ साली इंग्लंडमध्ये त्यांची गाडी घसरून झाडावर आदळली. दुरुस्तीला वर्षाहून अधिक काळ लागला आणि विमा कंपनीला सुमारे ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले. पुढे २०१५ साली हीच गाडी सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. म्हणजे हौसेने फायदाही होतो, असे कोणी म्हणेल. होतो, पण तो अशा दुर्मीळ गाडीचा, आणि दुरुस्तीची वर्षे निभावून नेऊ शकणाऱ्या मालकाचा. बहुतेक वेगवान गाड्यांची किंमत इतर गाड्यांसारखीच उतरत जाते. उतरत नाही ते सुट्या भागांचे बिल. जुनी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आनंद मानणारा माणूस इथेच फसतो. गाडीची किंमत अर्धी झाली तरी तिच्या ब्रेकची किंमत अर्धी होत नाही.

आपल्या बेटाचा विचार केला तर आणखी काही गोष्टी पुढे येतात. आपले बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब. ताशी ३०० किलोमीटरने कोणी निघालाच तर तेरा मिनिटांत जमीन संपून समुद्र लागेल! मोटरवेवरसुद्धा वेगाची मर्यादा जास्तीत जास्त ११० किलोमीटर. गावात शिरले की दर थोड्या अंतरावर दोदान, आणि त्यावर या गाड्यांचे पोट घासते. समुद्राची खारी हवा लोखंडाला खाते. पावसाळ्याचेही भय आहेच. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहताना आपण सर्वांनी पाहिल्या. जमिनीलगत बसलेल्या गाडीच्या इंजिनात पाणी लवकर शिरते, आणि पाणी शिरलेले इंजिन जागीच अडकते. शिवाय इंजिन जितके मोठे तितके दर वर्षाचे देक्लारास्यों मोठे.

आमच्या ओळखीच्या एका घरातली हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. मुलगा शिकलेला, एबेनला नोकरीला, वय सत्तावीस. त्याने दोन आसनांची एक जुनी जर्मन गाडी लीजिंगवर घेतली. पहिली रक्कम भरायला वडिलांनी अर्धा आर्पां उसाची जमीन विकली. मुलाला नाही कसे म्हणायचे, आणि भावकीत मानही वाढेल, असा दुहेरी विचार त्यांनी केला. आठ महिन्यांत गिअरबॉक्स गेला. भाग युरोपातून यायचा होता. गाडी पाच महिने ताडपत्रीखाली उभी राहिली, हप्ता मात्र दर महिन्याला चालू. धाकट्या बहिणीचे परदेशातले शिक्षण एक वर्ष पुढे ढकलावे लागले. घरातली आजी एकदा म्हणाली, "आपला बैल आजारी पडला तरी शेण तरी द्यायचा रे बाबा. हा नुसता खातो." शेवटी गाडी तोट्यात विकली आणि उरलेले कर्ज दोन वर्षे फेडले. मुलगा वाईट नव्हता, उधळ्या तर नव्हताच. हिशेब करताना त्याने फक्त हप्ता मोजला होता. जमीन मात्र परत आली नाही.

पैशाचे नुकसान भरून काढता येते. जिवाचे येत नाही. आपल्या तरुणांच्या आवडत्या वेगाच्या चित्रपटांतील नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत एका पोर्शे कारेरा जीटीमध्ये बसले होते. गाडी त्यांचे मित्र चालवीत होते. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ती ताशी सुमारे १३० ते १५० किलोमीटरच्या वेगात होती, असे तपासात आढळले. टायर नऊ वर्षांहून जुने होते. दोघेही गेले. टायर दिसायला नवे असले तरी रबर वयाने कडक होते आणि रस्ता सोडते. जी गाडी वर्षातून थोडीच चालते तिच्यात हा धोका अधिक, कारण झिजलेले टायर डोळ्यांना दिसतात, म्हातारे झालेले दिसत नाहीत.

मग काय करावे? ज्याच्यापाशी खरोखर ऐपत आहे त्याने अवश्य गाडी घ्यावी आणि जपून चालवावी. त्याच्या आनंदावर कोणी जळू नये. परंतु घेण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून कागदावर हिशेब मांडावा. हप्ता, विमा, देक्लारास्यों, टायर, वर्षाची देखभाल हे सगळे एका रकान्यात लिहावे आणि त्याखाली एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम वेगळी धरावी. बेटावर ती गाडी दुरुस्त करणारा जाणकार कोण आहे, हेही आधी विचारावे. हा हिशेब जमीन न विकता आणि बहीण-भावांच्या शिक्षणाला हात न लावता बसत असेल तर ती हौस. बसत नसेल तर ते ऋण काढून सण करणे झाले.

आणि ज्या मुलाला इंजिनाचे खरेच वेड आहे, त्याच्या वहीतली फेरारी फाडू नका. ती कशी चालते ते त्याला विचारा. उत्तर देता आले नाही तर त्याला शोधायला लावा. एम.आय.टी.डी.मध्ये मोटारदुरुस्तीचे शिक्षण मिळते, आणि ज्याचा हात यंत्रावर बसला त्याला या बेटावर काम कमी पडत नाही. अशी गाडी विकत घेणारे आपल्यात थोडेच निघतील. ती उघडून, समजून घेऊन, पुन्हा जोडणारे मात्र कितीतरी निघू शकतात, आणि त्यासाठी कोणाला अर्धा आर्पां विकावा लागणार नाही.