पथारी एक, अलंकार चार! दहावीच्या मराठीत गुण नेमके कुठे अडकतात?

नंदुरबार : धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरी भिली किंवा पावरी, नवापूरकडे मावची, शहादा-तळोद्यात अहिराणी आणि गुजरी. शाळेत मात्र प्रमाण मराठी. मुले उतारा घडाघडा वाचतात, पण 'यातून काय सूचित होते?' असे विचारले की पेन थांबते. दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची. त्यात गद्याला १८ आणि पद्याला १६ गुण, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक पेपर वाचून समजण्यावर.

उपमा की उत्प्रेक्षा?

व्याख्या पाठ करण्याआधी नंदुरबारची मिरचीची पथारी डोळ्यांसमोर आणा. 'पथारी लाल गालिच्यासारखी दिसते' ही उपमा. 'पथारी म्हणजे जणू लाल गालिचाच' ही उत्प्रेक्षा. 'पथारीचा लाल गालिचा' म्हटले की रूपक, कारण आता दोन्हींत फरकच उरला नाही. 'ही पथारी नव्हे, लाल गालिचा आहे' असे म्हणून मूळ वस्तूच नाकारली की अपह्नुती. पथारी तीच, गालिचा तोच. बदलले ते फक्त नाते. 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा, ही युक्ती बहुतेक वेळा चालते. पण केवळ शब्दावर विसंबू नका, नाते तपासा.

प्रतीक म्हणजे काय?

यासाठी लांब जायला नको. शहादा तालुक्यातील कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता प्रसिद्ध आहे. आदिवासींच्या दुःखावर स्टेजवरून दुसरेच बोलतात आणि ज्यांचे दुःख आहे ते खालीच राहतात. इथे स्टेज म्हणजे नुसत्या लाकडी फळ्या नाहीत. कोणाला बोलू दिले जाते आणि कोणाला नाही, ते सगळे त्या एका शब्दात आले. हेच प्रतीक. ४ गुणांच्या रसग्रहणात फक्त 'कवितेत प्रतीक आहे' एवढे लिहून भागत नाही. ते कशाचे, हे सांगावे लागते.

अपठित उतारा कसा सोडवावा?

याला ४ गुण. आधी कृती वाचा, मग उतारा. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, मागचे-पुढचे वाक्य पाहा. समजा, उताऱ्यात आहे : 'ऊसतोडीचे दिवस आले आणि पाडा ओस पडला. घरांना कुलपे, अंगणात तेवढी म्हातारी माणसे.' 'ओस' माहीत नसला तरी कुलपे अर्थ सांगतात. आता प्रश्न आला, 'पाड्यातील तरुण माणसे कुठे गेली असावीत?' याचे उत्तर उताऱ्यात थेट लिहिलेले नाही. धडगावच्या मुलाला ते सांगावे लागत नाही, त्याने ते पाहिलेले असते. अडते ते लिहिताना. 'ती ऊसतोडीला गेली असावीत' हे एक वाक्य आणि त्याला आधार म्हणून उताऱ्यातलीच कुलपे व म्हातारी माणसे. उत्तर इतकेच.