कॉर्डच्या पुस्तकातून काय शिकावे?

घोडबंदरला खाडीकाठी राहणारा आमचा अकरावीतला एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात एक जुने पुस्तक घेऊन घरी आला. पुस्तक होते जॅझ गिटार शिकवणारे. मिकी बेकर या अमेरिकन गिटारवादकाने लिहिलेला हा अभ्यासक्रम १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात होते ती क्रमांक दिलेल्या कॉर्डच्या आकृत्या पाठ करण्यापासून. कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्यावर, कोणते बोट, एवढेच त्या आकृत्या सांगतात.

"सर, सहा महिने झाले," तो म्हणाला. "आकृत्या पाठ आहेत. पण एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना गाणे तुटते. आणि इथे हीच कॉर्ड का, ते मला कळत नाही. गिटार सोडून द्यावी म्हणतो."

ही तक्रार आपल्याला ओळखीची वाटेल. सूत्रे पाठ आहेत, पण उदाहरण सुटत नाही, असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. म्हणून त्याच्याबरोबर बसून जे शोधले ते इथे मांडत आहे. यासाठी गिटार असलीच पाहिजे असे नाही. शाळेतली पेटीही चालेल.

पडदे कुठे बसवावेत?

गिटारची तार साधारण ६५ सेंटिमीटर लांब असते. बाराव्या पडद्यावर दाबली की तिची अर्धीच लांबी कंप पावते, म्हणून वारंवारता दुप्पट होते आणि वरचा सा मिळतो. सा ते वरचा सा या अंतराचे १२ सारखे भाग करायचे, म्हणजे दर पडद्याला वारंवारता एकाच संख्येने गुणायची. बारा वेळा गुणून २ आले पाहिजेत, तेव्हा ती संख्या म्हणजे २ चे बारावे मूळ, सुमारे १.०५९५.

गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट वाजवत. ल्यूट हे गिटारसारखेच पडद्यांचे वाद्य. त्यांनी १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात सोपा नियम दिला : दर पडद्याला उरलेल्या तारेचा अठरावा भाग कमी करा. गणित करून पाहा. १७/१८ ला बारा वेळा गुणले तर ०.५ ऐवजी ०.५०३६ येतात. ६५ सेंटिमीटरच्या तारेवर बारावा पडदा फक्त अडीच मिलिमीटरच्या आसपास चुकतो. आजचे कारागीर १८ ऐवजी १७.८१७ हा भाजक घेतात. त्या हिशोबाने पहिला पडदा ३.६५, पाचवा १६.३१, सातवा २१.६२ आणि बारावा ३२.५ सेंटिमीटरवर येतो.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. सा २४० हर्ट्झ धरला तर शुद्ध प ३६० आणि शुद्ध ग ३०० हर्ट्झला येतो. गिटारवर मात्र प ३५९.६ आणि ग ३०२.४ हर्ट्झचा मिळतो. पंचमातला फरक कानाला जवळजवळ जाणवत नाही, गंधारातला जाणवतो. तंबोऱ्यावर पोसलेल्या कानाला गिटारचा गंधार जरा चढा वाटतो, तो यामुळे. पण त्या बदल्यात कोणताही स्वर सा मानून तीच आकृती पुढेमागे सरकवता येते. पुस्तकातली एक आकृती बारा ठिकाणी चालते ती या समान भागांमुळे.

कॉर्ड कशी बनते?

पांढरी एक हा सा धरू. सप्तकातला एक स्वर घ्या, पुढचा सोडा, त्यानंतरचा घ्या. असे चार स्वर एकत्र वाजवले की जॅझमधली नेहमीची कॉर्ड होते. सा पासून निघालो तर सा, ग, प, नि : ही सी मेजर सेव्हन. रे पासून रे, म, ध, सां : ही डी मायनर सेव्हन. प पासून प, नि, रें, मं : ही जी सेव्हन.

या तीन कॉर्ड ज्या क्रमाने वारंवार येतात तो क्रम म्हणजे आधी रे ची, मग प ची, मग सा ची. सप्तकातल्या क्रमांकांवरून त्याला 'दोन-पाच-एक' म्हणतात. जॅझच्या असंख्य गाण्यांत हा तुकडा वेगवेगळ्या पट्टीत येतो. आमच्या विद्यार्थ्याला तिन्ही कॉर्ड येत होत्या. त्याच्या दृष्टीने मात्र ती तीन स्वतंत्र चित्रे होती.

आता प्रत्येक कॉर्डमधला पाचवा स्वर गाळून पाहू. हे चालते, कारण मूळ स्वराची तार छेडली की तिच्या तिप्पट वारंवारतेचा उपस्वर आपोआप उमटतो आणि तो म्हणजे त्या स्वराचा पंचमच. मूळ स्वर खर्जात ठेवू. उरतात फक्त दोन स्वर, तिसरा आणि सातवा :

डी मायनर सेव्हन : म आणि सां
जी सेव्हन : म आणि नि
सी मेजर सेव्हन : ग आणि नि

या ओळी वरून खाली वाचा. पहिल्या बदलात म जागेवर राहतो आणि सां अर्धा स्वर उतरून नि होतो. दुसऱ्या बदलात नि जागेवर राहतो आणि म अर्धा स्वर उतरून ग होतो. गिटारवर सर्वांत बारीक तार पहिली धरली, तर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरचे पडदे असे येतात : ३ आणि ५, मग ३ आणि ४, मग २ आणि ४. प्रत्येक वेळी या दोन स्वरांपैकी एकच स्वर, एकच पडदा सरकतो. खर्जातले स्वर पाचव्या तारेचा पाचवा पडदा, सहाव्या तारेचा तिसरा आणि पाचव्या तारेचा तिसरा पडदा येथे मिळतात.

विद्यार्थ्याने हे वाजवले आणि थोडा वेळ काही बोललाच नाही. मग पुन्हा वाजवले. या वेळी गाणे तुटले नाही.

ओढ कुठून येते?

मधल्या कॉर्डमध्ये म आणि नि एकत्र येतात. त्यांच्यातले अंतर सहा पडद्यांचे, म्हणजे बारा भागांच्या बरोबर निम्मे. वारंवारतांचे गुणोत्तर येते २ चे वर्गमूळ. सा-प चे गुणोत्तर ३:२ च्या अगदी जवळ असल्याने त्यांचे बरेच उपस्वर एकमेकांवर बसतात. म-नि चे तसे होत नाही. ही जोडी खडबडीत, अस्वस्थ वाटते. ती सुटून ग-नि झाली, किंवा साध्या गाण्यात ग-सां झाली, की कानाला घरी आल्यासारखे वाटते. अर्थात सगळे काही गणितात नाही. ऐकण्याच्या सवयीचाही यात मोठा वाटा आहे.

'बरोबर निम्मे' या गोष्टीचा आणखी एक परिणाम होतो. म पासून नि सहा पडदे दूर, आणि नि पासून वरचा मं देखील सहाच पडदे दूर. त्यामुळे ही जोडी उलटी केली तरी अंतर तेच राहते आणि ती दोन वेगळ्या मूळ स्वरांना चालते. प मूळ धरला तर नि तिसरा आणि म सातवा. कोमल रे मूळ धरला तर म तिसरा आणि नि सातवा. म्हणून जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन वाजवता येते. मग खर्ज रे, कोमल रे, सा असा एकेक पडदा उतरत येतो. पुस्तकात 'या कॉर्डऐवजी ही वाजवा' अशा बदलांना मोठी जागा दिलेली असते, आणि विद्यार्थ्याला तेच सर्वांत गूढ वाटले होते. वरची दोन बोटे हलवलीच नाहीत, हे पाहिल्यावर ते गूढ उरले नाही.

मडगाव-म्हापशाकडचे वादक

कागदावरून ही विद्या खरेच येते का? मुंबईच्या संगीताचा इतिहास सांगतो की येते, पण कान तयार असेल तरच. पोर्तुगीज काळात गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला, वाचलेले गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. डोळा, गळा आणि हात यांची तयारी एकत्र होत असे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, तेव्हा हे नवे संगीत उचलायला गोव्याचे वादक तयार होते.

हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवत. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांचा वाटा होता. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटात ते पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींसाठी वाद्यमेळाचे लेखन केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. चाल संगीतकाराची असे. तिच्याखाली कोणते स्वर कसे सरकतील, हे अनेकदा हे वाद्यमेळकार कागदावर लिहीत. श्रेयनामावलीत त्यांची नावे फारशी आली नाहीत. आपल्या कानांना कॉर्डची सवय लागली ती मात्र मोठ्या प्रमाणावर त्यांच्या लेखणीतून.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट आपणही घेऊ शकतो : वाजवण्याआधी गाणे. आमच्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की बोट ठेवण्यापूर्वी सां-नि-नि ही ओळ गा, मग म-म-ग ही ओळ गा. पुस्तक त्याने सोडले नाही. पण आता नवी आकृती दिसली की तो आधी विचारतो, यातला तिसरा कोणता, सातवा कोणता, आणि पुढे कोण सरकणार?

वर्गात करून पाहा

१. गिटारची तार आणि पहिल्या बारा पडद्यांची अंतरे मोजा. १८ आणि १७.८१७ या दोन्ही भाजकांनी काढलेल्या अंतरांशी ताडून पाहा.

२. पेटीचा भाता एकाने चालवावा, दुसऱ्याने दोन्ही हातांनी वाजवावे. पांढरी एक सा धरून रे-म-सां, मग मंद्र प-म-नि, मग सा-ग-नि. मधल्या कॉर्डवर थांबा आणि मुलांना विचारा : गाणे संपले का?

३. वर्गाचे दोन गट करा. एकाने सां-नि-नि गावे, दुसऱ्याने त्याच वेळी म-म-ग. खर्ज पेटीवर धरा. वाद्य न शिकताही संपूर्ण वर्ग दोन-पाच-एक गाऊ शकतो.

४. मंद्र प ऐवजी खर्जात कोमल रे धरून हेच पुन्हा गा. गाणाऱ्यांचे स्वर तेच राहतील. काय बदलले, ते मुलांनाच सांगू द्या.