मांजराची शिकवणी

आपल्या भाषेने मांजराला कधी फारसा भाव दिला नाही. ते आडवं गेलं की काम फसणार, ते डोळे मिटून दूध पिणार, पिल्लांना घेऊन सात घरं फिरणार. हितोपदेशातल्या दीर्घकर्ण मांजराने तपस्व्याचं सोंग घेऊन आंधळ्या गिधाडाला फसवलं आणि पक्ष्यांची पिल्लं खाल्ली. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पपटावरही पुढचे पाय डोक्यावर नेऊन तप करणारं मांजर कोरलेलं आहे, शेजारी उंदीर आहेत.

एक कथा मात्र वेगळी. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) राका कुंभार भेटतो. मांजरीने कच्च्या मडक्यात पिल्लं घातली होती आणि ते न कळून त्याने आवा पेटवला. मांजरी आव्याभोवती ओरडत फिरू लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्याने पांडुरंगाला साकडं घातलं आणि पिल्लं जिवंत निघाली. इथे मांजर कुणाला फसवत नाही. आपल्या हातून नकळत जे घडलं त्याची जबाबदारी घ्यायला ते माणसाला लावतं. मांजर पाळणाऱ्याला आयुष्यभर मिळते ती शिकवणही हीच: नुसती माया पुरत नाही, समोरचा जीव कसा आहे हे जाणून घ्यावं लागतं.

आपल्या पायांनी आलेलं जनावर

माणूस आणि मांजर यांची सोबत फार जुनी आहे. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस इथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम चाळीस सेंटिमीटरवर मांजराचा सांगाडा होता. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. सायप्रसमध्ये मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून तिथे नेलं होतं.

घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. शेती आली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं, असं अभ्यासक मानतात. कुत्र्याला माणसाने राखणीसाठी, शिकारीसाठी, मेंढरं हाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलं. मांजराला तसं फारसं कुणी घडवलं नाही. ते एकट्याने शिकार करणारं जनावर होतं आणि बऱ्याच अंशी आजही आहे. हाक मारल्यावर ते धावत आलं नाही तर तो कृतघ्नपणा नव्हे.

हाक त्याला कळत नाही, असंही नाही. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिलं की मांजरं आपलं नाव इतर शब्दांमधून वेगळं ओळखतात. त्याच वर्षी अमेरिकेत ओरेगॉन राज्य विद्यापीठात झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मांजरांचा आपल्या माणसावर भरवशाचा जीव जडलेला दिसला. ब्रिटनमध्ये कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ साली असं नोंदवलं, की खायला मागताना मांजराच्या गुरगुरण्यात एक बारीक, रडवा सूर मिसळलेला असतो आणि तो माणसाला चटकन कळतो. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी बोलताना ‘म्याव’ क्वचितच करतात. ते बोलणं मुख्यतः आपल्यासाठी असतं.

हात पुढे करण्याची रीत

मांजराची पहिली शिकवण परवानगीची. अनोळखी मांजराला एकदम उचलू नये. खाली बसावं, एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरून थांबावं. ते येतं, वास घेतं आणि मनात असेल तर गाल बोटावर घासतं. गालात गंधग्रंथी असतात, त्यामुळे बोटाला त्याचा वास लागतो. मग कानामागे, हनुवटीखाली खाजवावं. शेपूट झटके देऊ लागली, कान मागे गेले, पाठीवरची कातडी थरथरली की हात काढून घ्यावा. त्याच्याकडे बघून डोळे सावकाश मिटले-उघडले, तर बरीच मांजरं तसंच उत्तर देतात. २०२० साली ब्रिटनमधल्या अभ्यासात हेही तपासून झालं आहे. ज्या घरातल्या मुलांना हे जमतं, ती समोरच्याचं ‘नको’ ओळखायला शिकतात आणि ते मानायलाही शिकतात. आईवडिलांनी शब्दांत सांगून हे इतकं पक्कं होत नाही.

दूधभाताचा प्रश्न

दुसरी शिकवण आहाराची, आणि आपल्याकडे ती अवघड जाते. मांजर पूर्णपणे मांसाहारी आहे. टॉरिन हा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा निकामी होतो, हे १९७५ साली कळलं. हृदय दुबळं होतं, हे १९८७ साली कळलं. जुन्या वाड्यातलं मांजर दूधभातावर जगलं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते उंदीर, पाली, चिमण्या मारून आपली गरज भागवत होतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दार लावून ठेवलेल्या मांजराला ती सोय नाही. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतच नाही. घर शाकाहारी असेल तर मांजर पाळण्याआधी हा विचार व्हायला हवा.

अठराव्या शतकातले इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन आपल्या हॉज नावाच्या मांजरासाठी कालवं आणायला स्वतः बाजारात जात. नोकरांना पाठवलं तर त्यांना त्रास होईल आणि ते मुक्या जिवाचा राग करतील, ही काळजी त्यामागे होती. लंडनमध्ये त्यांच्या घरासमोर १९९७ पासून हॉजचा पुतळा आहे. पाळलेल्या जिवाचं करणं दुसऱ्यावर ढकलू नये, एवढा साधा नियम त्या माणसाने पाळला होता.

दुखणं न सांगणारा रुग्ण

मांजर दुखणं लपवतं. खाणं थोडं कमी होतं, उडी मारायची जागा बदलते, अंग चाटणं थांबतं; एवढ्याच खुणा. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, नाहीतर जीव जातो. तापाची म्हणून आपली पॅरासिटामॉल देणं हे तर विषच. एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. कांदा-लसूण आणि लिलीची फुलंही घातक.

म्हातारपणी पुष्कळ मांजरांची मूत्रपिंडं थकतात. ओळखीच्या एका घरात निवृत्त शिक्षिका आपल्या मांजरीला घरीच सलाईन देतात. बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली, मांजरी मांडीवर टॉवेलात. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत वर उचलून त्या सुई आत सरकवतात. कातडीखाली पाण्याचा उंचवटा येतो आणि हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो. मांजरी कुरकुरते, पण पळत नाही. बाईंचे हात सुरुवातीला कापत, आता कापत नाहीत. आजारी माणसाजवळ शांत बसणं आपण इथे शिकलो, असं त्या सांगतात.

आता आपलं काम

ही शिकवण घराच्या उंबऱ्यात थांबली तर अपुरी राहील. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. सोसायटीच्या जिन्याखाली पिल्लांचे ढीग दिसतात त्याचं कारण हेच. त्यांना पोत्यात घालून लांब सोडून येणं हा उपाय नाही, ती क्रूरता आहे. निर्बीजीकरण आणि लसीकरण हाच मार्ग आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत मांजरांचाही समावेश आहे.

म्हणून मांजर पाळायचं मनात असेल तर विकत घेण्याआधी रस्त्यावरच्या पिल्लाचा विचार करा. रेबीजसह सगळ्या लशी द्या, वेळेत शस्त्रक्रिया करा, खिडक्यांना जाळी बसवा. या दिवाळीत फटाके वाजत असताना त्याला आतल्या खोलीत लपायला जागा द्या आणि ओढून बाहेर काढू नका. मांजर पंधरा-वीस वर्षं जगू शकतं. तेवढी वर्षं द्यायची तयारी असेल, तरच त्याला घरात आणा.