गवत मोजणारी मुलगी

गावाच्या शिवेबद्दल तंटा उभा राहिला की पूर्वी महाराची साक्ष काढली जाई. कोणता दगड कुणाच्या हद्दीचा, ओढा आधी कुठून वाहत होता, हे त्याला ठाऊक असे. जमिनीची एवढी खडान्‌खडा माहिती असणाऱ्याच्या वाट्याला वतनाच्या तुटपुंज्या तुकड्यापलीकडे जमीन मात्र क्वचितच आली. इतिहासाच्या तासाला आम्ही हे सांगतो तेव्हा वर्ग गप्प होतो.

हे आठवण्याचे कारण आपली एक माजी विद्यार्थिनी. बी.एस्सी. झाल्यावर तिने विद्यापीठात परिसंस्थाशास्त्र घेतले, तेही जमिनीवरच्या परिसंस्थांचे. तिच्या वडिलांनी जयभीम करून विचारले, "सर, पोरगी गवत मोजायला एवढी शिकली का?" प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी आधी आम्हालाच शिकावे लागले.

माती, पाऊस, वनस्पती, प्राणी यांच्या परस्परसंबंधांना एकत्र पाहणारा 'परिसंस्था' हा शब्द १९३५ साली आर्थर टान्सली यांनी इंग्रजीत रूढ केला. अभ्यासाची रीत साधी वाटते: माळावर एक मीटरची चौकट टाकायची, आतल्या प्रत्येक जातीची नोंद करायची, मातीचा नमुना घ्यायचा, अशा कित्येक चौकटी, निरनिराळ्या ऋतूंत. पुढे सगळी भिस्त संख्याशास्त्रावर. म्हणून पालकांना विनंती, दहावीनंतर मुलांचे गणित सुटू देऊ नका.

दख्खनचे माळरान म्हणजे उजाड झालेले जंगल, असे आम्हीही समजत होतो. कमी पाऊस आणि मुरमाड, उथळ माती यांत कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते हीच तिथली स्वाभाविक संपत्ती. त्यांच्या आधाराने चिंकारा, लांडगा, तणमोर जगतात. सोलापूरजवळचे नान्नज तर माळढोकासाठीच प्रसिद्ध आहे. परंतु इंग्रजी महसूलव्यवस्थेने जी जमीन सारा देत नाही तिला 'पडीक' ठरवले, आणि तो शब्द आपल्या दप्तरांत आजही टिकून आहे. पडीक म्हटले की झाडे लावा! दाट सावलीत ऊन मागणारे गवत मागे हटते. वृक्षारोपणाच्या दिवशी मुलांना घेऊन आम्हीही माळावर खड्डे खणले आहेत, हे इथे कबूल केलेले बरे.

मात्र खरा पेच पुढे आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायरानातला कसलेला तुकडा हेच आजही आपल्यातील अनेक घरांचे एकमेव शेत आहे. उद्या कुणी तज्ज्ञ म्हणाला, गवताळ प्रदेश वाचवा, अतिक्रमणे हटवा, तर पहिले खोपटे कुणाचे उठेल? गवतही खरे आणि ती भाकरीही खरी. दोन्ही जाणणारा माणूस अहवाल लिहिणाऱ्यांत असला पाहिजे. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, तेव्हा आकड्यांचा मुद्दा आकड्यांनीच खोडला होता.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. शिष्यवृत्ती आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती यांची चौकशी वेळेत करावी.

मागच्या दिवाळीच्या सुटीत ती गावाकडच्या माळावर चौकटी टाकत होती. तुरे झडलेले एक वाळके गवत तिला ओळखू येईना. आयुष्यभर गवताचे भारे वाहिलेल्या तिच्या आईने काडी दाताखाली धरली आणि नाव सांगितले. मुलीने ते वहीत लिहिले आणि पुढची चौकट टाकली.