कारणाकडून परिणामाकडे, आणि उलट

मुंबईतल्या घोडपदेवच्या चाळींतली माणसं पूर्वी गिरणीत नाही तर गोदीत कामाला जात. गिरण्या बंद पडल्या, पण समुद्राची ओढ राहिली. जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी व्हायचा, कोर्स करायचा, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढायची आणि जहाज पकडायचं, असं ठरवलेली मुलं या भागात आजही भेटतात. जगातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी ताफ्यांपैकी एक ग्रीक मालकांच्या हातात आहे. त्यामुळे आपल्या मुलाचा चीफ ऑफिसर ग्रीक असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. दोघांची मातृभाषा वेगळी, कामाची भाषा मात्र इंग्रजी.

या इंग्रजीत गप्पा मारता आल्या नाहीत तरी चालतं. काय झालं, कशामुळे झालं आणि त्यातून पुढे काय झालं, हे मात्र नेमकं सांगता आलंच पाहिजे. जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आयएसएम संहिता १९९८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिच्यानुसार अपघातच काय, थोडक्यात टळलेला धोकाही कळवावा लागतो आणि त्याची कारणं तपासावी लागतात. म्हणून कार्यकारणाचे इंग्रजी शब्द नीट शिकायला हवेत, आणि ते सुटे पाठ करण्यापेक्षा एखाद्या खऱ्या घटनेवर बसवून शिकावेत, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी घटना दूर शोधायला नको. घोडपदेवच्या दक्षिणेला, जवळच, व्हिक्टोरिया गोदी होती. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथे फोर्ट स्टिकीन हे जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. दुपारी कापसाला आग लागल्याचं दिसलं. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला, पण आग हटेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जेमतेम अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आता वाक्यं करू. पहिली गोष्ट दिशेची. काही क्रियापदं कारणापासून निघून परिणामाकडे जातात: कॉज, लीड टू, रिझल्ट इन, ब्रिंग अबाउट. द फायर लेड टू ॲन एक्स्प्लोजन. आग आधी, स्फोट नंतर. काही उलट चालतात: रिझल्ट फ्रॉम, स्टेम फ्रॉम, बी कॉज्ड बाय. द एक्स्प्लोजन रिझल्टेड फ्रॉम द फायर. घटना तीच, पण वाक्य स्फोटापासून सुरू होतं. यातलं ‘रिझल्ट’ सर्वांत फसवं, कारण त्याची दिशा ‘इन’ आणि ‘फ्रॉम’ या चिमुकल्या शब्दांवर ठरते. ‘द फायर रिझल्टेड फ्रॉम द एक्स्प्लोजन’ असं लिहून बसलात, तर स्फोटाने आग लागली असा अर्थ होतो आणि चौकशी भलत्याच वाटेला लागते. म्हणून हे क्रियापद कधीही एकटं पाठ करू नये. ‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ हे दोन वेगळे शब्दच समजावेत.

मराठी माणसाची खरी अडचण यापुढे येते. आपलं ‘मुळे’ भलतंच सोयीचं आहे. ‘आगीमुळे’ म्हणता येतं आणि ‘आग लागल्यामुळे’ही म्हणता येतं. नामाला लावा नाही तर क्रियेला, ते तक्रार करत नाही. इंग्रजीत मात्र इथे दोन दारं आहेत. पुढे नुसतं नाम असेल तर ‘बिकॉज ऑफ’: बिकॉज ऑफ द फायर. पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्य असेल तर नुसतं ‘बिकॉज’: बिकॉज द कॉटन कॉट फायर. ‘बिकॉज ऑफ द कॉटन कॉट फायर’ ही चूक आपल्याकडे वारंवार दिसते. तिचा उगम अज्ञानात नाही, ‘मुळे’च्या या लवचीकपणात आहे. विद्यार्थ्याला हे सांगितलं की तो स्वतःच आपलं वाक्य थांबवून पाहायला लागतो.

दुसरी चूकही मराठीतूनच येते. ‘कारण पाऊस होता ना, म्हणून उशीर झाला’ अशी जोडी लावायची आपल्याला सवय असते, आणि बोलता बोलता ‘कारण’ आणि ‘म्हणून’ दोन्ही येऊन जातात. तेच इंग्रजीत नेलं की ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो आय वॉज लेट’ तयार होतं. इंग्रजीला एकच जोडशब्द पुरतो. ‘बिकॉज’ घ्या किंवा ‘सो’ घ्या. लिहिताना ‘सो’च्या जागी ‘देअरफोर’ किंवा ‘ॲज अ रिझल्ट’ शोभतं, पण ते नव्या वाक्याच्या तोंडाशी ठेवावं.

तिकडे पिरेयस बंदरावरचा ग्रीक खलाशीही हेच शब्द शिकतो, शेजारी ग्रीक अर्थ लिहून. त्याच्या बोलीत ‘याती’ हा एकच शब्द ‘का?’ म्हणून विचारतो आणि ‘कारण’ म्हणून उत्तरही देतो. त्याला ‘व्हाय’ आणि ‘बिकॉज’ वेगळे ठेवायची सवय करावी लागते, आपल्याला ती आधीच आहे. उलट नामाआधी येणारं ‘बिकॉज ऑफ’ त्याला सोपं जातं. त्याचं ‘एक्सेतीयास’ तसंच नामाच्या आधी उभं राहतं, आपलं ‘मुळे’ मात्र नामाला मागून चिकटतं. त्या ‘एक्सेतीयास’मध्ये ‘एतीया’, म्हणजे कारण, हा शब्द दडलेला आहे. रोगाच्या कारणांच्या अभ्यासाला डॉक्टर ‘एटिऑलॉजी’ म्हणतात, तेही याच शब्दावरून.

ग्रीकमध्ये ‘एतीया’शेजारी ‘लोगोस’ आहे, तसं इंग्रजीत ‘कॉज’शेजारी ‘रीझन’. मराठीत दोन्हींना आपण कारणच म्हणतो, म्हणून इथे थांबून विचार करावा. घटना घडवतं ते कॉज, माणसाच्या मनात असतं ते रीझन. आगीला कॉज असतं. स्फोटकं लवकर न उतरवण्याला रीझन असतं, पटणारं किंवा न पटणारं. चीफ ऑफिसरने ‘व्हॉट वॉज द कॉज?’ विचारलं तर वायर, ठिणगी, गळती सांगायची. ‘व्हॉट वॉज युअर रीझन?’ विचारलं तर तुम्ही तसं का वागलात ते सांगायचं.

‘कॉज’ची आणखी एक खोड आहे. भाषाभ्यासक मायकेल स्टब्ज यांनी १९९५ मध्ये इंग्रजी मजकुराचे मोठे साठे चाळून दाखवलं की या शब्दाच्या पुढे बहुतेक वेळा वाईटच काहीतरी येतं: डॅमेज, डिले, ट्रबल. हार्बर लाइनवर रे रोडला किंवा कॉटन ग्रीनला उभं राहून ‘द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड’ ऐकलं की हे आपोआप कळतं. चांगला बदल घडवला असेल तर ‘ब्रिंग अबाउट’ किंवा ‘लीड टू’ वापरावं. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’चं फार लांबवत नाही: पहिलं सहसा क्रियापद, दुसरं सहसा नाम, एवढं पुरे.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो कारणाच्या वजनाला. फोर्ट स्टिकीनच्या चौकशीत एकच कारण पुढे आलं नाही. कापूस आणि दारूगोळा खालीवर रचलेला, धोक्याच्या मालाचा लाल बावटा चढवलेला नाही, स्फोटकं उतरवायला उशीर, आग कोंडायला वाफ सोडली नाही, बंबांना वर्दी उशिरा. या प्रत्येकाला ‘कॉज’ म्हटलं तर हिशेब चुकतो. ठिणगी टाकतं ते ट्रिगर. भर घालतं ते कॉन्ट्रिब्यूट टू: द डिले कॉन्ट्रिब्यूटेड टू द डिझास्टर. खाली मुळाशी असतं ते रूट कॉज, इथे मालाची ती रचना. हिंदमाताला पाणी तुंबतं तेव्हाही असंच: पाऊस ट्रिगर, भरती कॉन्ट्रिब्यूट करते आणि सखल जमीन मुळाशी असते. पावसाळ्यात रोज एकदा हे इंग्रजीत मांडून पाहावं, आधी कारणापासून, मग परिणामापासून.

आणि जे सिद्ध झालेलं नाही, ते सिद्ध झाल्यासारखं लिहू नये. गोदीतली ती आग कुणाच्या तरी विडी-सिगारेटने लागली असावी, असं मानलं जातं, पण तो माणूस कधी सापडला नाही. अशा जागी ‘अ सिगारेट कॉज्ड द फायर’ लिहिणं म्हणजे माहीत नसलेल्या माणसावर आरोप ठेवणं. तिथे ‘मे हॅव कॉज्ड’ लिहावं, पुरावा थोडा भक्कम असेल तर ‘प्रोबॅबली कॉज्ड’, आणि डोळ्यांनी पाहिलं असेल तरच नुसतं ‘कॉज्ड’. जहाजावरच्या अहवालाखाली तुमची सही असते आणि त्यातल्या क्रियापदावर एखाद्या सहकाऱ्याची नोकरी अवलंबून असू शकते.