उसाच्या फडात रुतलेला पॅटन

या पानावर हुमणी, लोकरी मावा आणि खताच्या मात्रा वाचायची सवय असलेल्या शेतकरी बंधूंना आजचा मथळा पाहून नवल वाटेल. पण हा रणगाडा उसातच रुतला होता आणि त्याला रुतवला होता तो शेतात सोडलेल्या पाण्याने. तेव्हा विषय आपल्यातलाच आहे असे समजून पुढे वाचावे.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावच्या तरुण मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवात खेमकरणच्या लढाईचा देखावा करायचे ठरवले. त्या लढाईला त्या वर्षी साठ वर्षे होत होती. पोरांची कल्पना साधी होती. गंजून पडलेला एक पॅटन रणगाडा, भोवती ऊस आणि मागे तिरंगा. मी पडलो कृषी सहायक, मला बोलावले ते ऊस कसा दाखवायचा हे विचारायला. गुंतलो मात्र रणगाड्यात.

लढाईची हकीकत थोडक्यात अशी. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावाच्या शिवारात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे घुसले. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले आणि आपले रणगाडे उभ्या उसात दडवले. पंजाबात उसाची लागण फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे सप्टेंबरात ऊस डोक्याच्या वर गेलेला. पंचेचाळीस टनांच्या आसपासचा पॅटन भिजल्या रानात रुतला की जागचा हलेना. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले, तिथेच १० सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, पुढे लष्करप्रमुख झालेले. त्यांना या लढाईतील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळाले. भारतीय नोंदीप्रमाणे शत्रूचे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. ते भिक्खीविंडजवळ ओढून आणून मांडले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पुठ्ठा, लाकूड आणि घरातली अडगळ यावरच भागवायचे होते. माप धरले दहास एक. खरा पॅटन साडेतीन मीटरच्या वर रुंद, म्हणजे आपला फुटाहून थोडा जास्त. वरचा बुरूज पालथ्या कढईसारखा असतो. तो ओतीव पोलादाचा, म्हणून पृष्ठभाग खडबडीत हवा. कागदाच्या लगद्यात चाळलेली वाळू मिसळली आणि काम झाले. एका बाजूला सहा चाकांच्या जोड्या, त्यासाठी लोणच्याच्या बरण्यांची झाकणे. तोफेची नळी म्हणजे सोळा मि.मी.ची ठिबकची लॅटरल, ती वाकू नये म्हणून आत बांबूची काडी. तोंडाशी आडवा टी आकाराचा भाग असतो, तिथे ठिबकचाच टी जोड नेमका बसला. उसासाठी खराट्याचे हीर आणि मक्याच्या पानांच्या चिरफाळ्या हिरव्या रंगवून लावल्या.

पहिली चूक मातीत झाली. पोरांनी आपल्या रानातली काळी माती कालवून पसरली. दुसऱ्या दिवशी ती वाळून आक्रसली आणि रणगाड्याखाली बोटभर भेगा. खेमकरणची जमीन गाळाची, भुरकट रंगाची. नदीकाठचा पोयटा आणला तेव्हा ते रान दिसायला लागले.

दुसरी चूक गंजाची. पोरांनी सगळ्या रणगाड्याला रेड ऑक्साइड मारला. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच, नात्याने गंजाचा भाऊ, पण सगळीकडे सारखा मारला की रणगाडा दिसत नाही, नवे फाटक दिसते. आम्ही चौघे एस.टी.ने अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालय पाहून आलो. आकार समजला, पण तिथले रणगाडे रंगवून निगुतीने ठेवलेले. गंज तिथे कसा शिकणार?

तो शिकवला गावातल्याच एका मळणी यंत्राने. एका गोदामामागे ते कित्येक वर्षे पडून आहे. कोणाच्या मालकीचे यावर वाद, म्हणून कोणी हात लावत नाही. (त्या वादात मी पडत नाही.) पोरांना घेऊन तासभर त्याच्याभोवती फिरलो. पातळ पत्रा जिथे पाणी साठते तिथे चाळणी झालेला. जाड चौकट मात्र शाबूत, वर नुसता काळपट तपकिरी थर. नवा गंज नारिंगी, जुना गडद. बोल्टच्या खाली पाण्याच्या वाटेने उतरलेले लाल ओघळ. जाता जाता सांगतो, खत-बी पेरणी यंत्राची खतपेटी पेरणीनंतर धुऊन कोरडी केली नाही तर तिची हीच गत होते. खत हवेतले पाणी ओढते आणि पत्रा खाते.

मग वेल्डिंगच्या दुकानातला लोखंडाचा कीस आणला, मिठाच्या पाण्यात चार दिवस भिजवला, वाळवून फडक्यातून गाळला. ओल्या फेव्हिकॉलवर शिंपडला की खराच गंज. त्यात कुठे गेरू, कुठे विटेची पूड.

असा गंजवलेला रणगाडा पाहायला फौजी नाना आले. नाना निवृत्त दफेदार, वय पंचाहत्तर, १९७१ ला शकरगडच्या आघाडीवर रणगाड्यात होते. बराच वेळ पाहून म्हणाले, "हा कितव्या दिवसाचा रणगाडा केलाय रं?"

कोणालाच उत्तर देता येईना.

"पोरांनो, चिखलात रुतलेला रणगाडा दोन दिवसांत गंजत नाही. रंग तसाच राहतो. गंज दिसला तर साखळीपट्ट्यावर, नाही तर रंग खरवडला तिथं. लगेच लाल होतो तो जळालेला. रंग जळून पोलाद उघडं पडतं, दवानं दोन रात्रींत नारिंगी होतं. चाकाचं रबर जळून राख होते. खालच्या स्प्रिंगचा ताव जातो आन् रणगाडा पोटावर बसतो."

म्हणजे केलेले काम निम्मे चुकलेले. उत्सवाला नऊ दिवस. दोन पोरे चिडली, "लांबून कोण बघतंय एवढं?" मी त्यांच्याच बाजूने बोलणार होतो, खरे सांगतो. पण नानांसमोर धीर झाला नाही. शेवटी दोन रणगाडे करायचे ठरले. गंजवलेला होता तो जळालेला ठरवून चाके कापून खाली बसवला, चाकांपाशी चुलीतली राख टाकली. दुसरा नवा केला, मेंदी रंगाचा, पट्ट्यापर्यंत चिखलात, अंगावर गंज जवळजवळ नाही.

मंडळाला जळालेल्या रणगाड्यात लाल बल्ब आणि झाकणातून लोंबणारा बाहुला हवा होता. नाना आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, बाहुला नको. आन् झाकणं उघडी ठेवा. बंद ठेवली तर माणसं आत राहिली असा अर्थ होतो. दुश्मन झाला तरी." बल्ब आणि बाहुला दोन्ही गेले. झाकणे पोरांनी बिजागऱ्या लावून उघडी केली.

स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही, शेजारच्या गावाच्या हलत्या देखाव्याला मिळाले. नाना मात्र रोज संध्याकाळी आरतीच्या आधी येऊन खुर्चीवर बसत, आणि कोणी विचारले तर कोणता रणगाडा कितव्या दिवसाचा ते सांगत.

दोन्ही रणगाडे आता शाळेच्या व्हरांड्यात आहेत. पावसात तिथे झड येते. कीस खराच असल्याने जळालेल्याचा रंग नारिंगीवरून तपकिरीवर चालला आहे. गुरुजींनी वर वॉर्निश मारू का विचारले, तर नाना म्हणाले, राहू द्या.